मिसरूड फुटतं न फुटतं तोच बाप

इंग्रजीतल्या किशोरांसाठीच्या कादंबऱ्यांमध्ये शाळकरी मुलीला दिवस गेले की मुलगा बहुधा लवकरच दिसेनासा होतो. कधी तो घाबरून हात झटकतो, कधी त्याचे आईबाप त्याला दूरच्या कॉलेजात धाडतात, आणि कधी लेखिकाच त्याला मारून टाकते. सारा डेसनच्या ‘समवन लाइक यू’मध्ये (१९९८) स्कार्लेटचा मित्र मायकेल मोटारसायकलच्या अपघातात जातो आणि ती गरोदर असल्याचं त्यानंतर कळतं. शॅरन ड्रेपरच्या ‘नोव्हेंबर ब्लूज’मध्ये (२००७) बाळाचा बाप जॉश आधीच्याच कादंबरीत मेलेला आहे, शाळेतल्या एका क्लबात शिरण्यासाठी घेतलेल्या अघोरी परीक्षेने त्याचा जीव घेतला. बाप मेला की गोष्ट सरळ मार्गी लागते. मुलीचं दुःख, तिची आई, तिची शाळा, तिचं वाढतं पोट यांतच पानं भरतात, आणि त्या मुलाने पुढे काय करायला हवं होतं हे कुणाला विचारावंच लागत नाही.

ते विचारणाऱ्या कादंबऱ्या थोड्या आहेत. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, बाळ त्याच्या हातात, आणि उद्या सकाळी शाळा. ही थोडी पुस्तकं एकापाठोपाठ वाचली की जबाबदारीची कल्पना दर पिढीत कशी पालटली ते दिसतं. आधी ती लग्न होती, मग कोर्टातला हक्क झाली, आणि पुढे रात्री दोनला उठून दूध गरम करण्यापर्यंत आली. पण त्याचबरोबर एक खटकणारी गोष्टही दिसते. मुलाला जबाबदार बाप करायचं ठरलं की बऱ्याच लेखकांना मुलीला गोष्टीबाहेर काढावं लागतं. ती बेशुद्ध पडते, निघून जाते, नाहीतर बाळ नको म्हणते. आई खोलीत असताना मुलगा बाप होऊ शकतो, हे दाखवायची हिंमत फार थोड्यांनी केली आहे.

सुरुवात लग्नापासून झाली. अ‍ॅन हेडची ‘मिस्टर अँड मिसेस बो जो जोन्स’ १९६७ साली आली. जुलै सोळाची, बो जो सतराचा. दिवस गेल्याचं कळताच दोघं पळून जाऊन लग्न करतात, कारण त्या काळच्या अमेरिकेत भल्या घरच्या मुलाने एवढंच करायचं असे. फुटबॉलच्या जोरावर कॉलेजात जायचं बो जोचं स्वप्न तिथेच राहतं. पण बाळ आल्यावर तो कसा बाप झाला असता हे वाचकाला कधीच कळत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मतं आणि दगावतं. पुस्तक नवराबायकोचं होतं, बापाचं होत नाही. दोन वर्षांनी आलेल्या पॉल झिंडेलच्या ‘माय डार्लिंग, माय हॅम्बर्गर’मध्ये तर शॉन लग्नाचा शब्द देतो, वडिलांशी बोलणं झाल्यावर मागे फिरतो, आणि लिझला चोरून गर्भपात करून घ्यावा लागतो. अमेरिकेत गर्भपात देशभर कायदेशीर व्हायला तेव्हा चार वर्षं अवकाश होता.

कायद्याच्या लेखी लग्न न झालेला बाप जवळजवळ नव्हताच. इलिनॉय राज्यात आईबापाचं लग्न झालेलं नसेल आणि आई वारली, तर मुलं सरळ सरकारच्या ताब्यात जात. पीटर स्टॅन्ली नावाच्या गृहस्थाची मुलं अशीच नेली गेली. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, बाप नालायक आहे हे सुनावणीत ठरल्याशिवाय केवळ लग्न नाही म्हणून त्याची मुलं काढून घेता येणार नाहीत. साहित्यात याचा पडसाद उमटायला वेळ लागला. नॉर्मा क्लाइनच्या ‘नो मोअर सॅटर्डे नाइट्स’मध्ये (१९८८) टिम नावाचा मुलगा बाळ दत्तक जाऊ नये म्हणून कोर्टात जातो, ताबा मिळवतो आणि बाळ घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला जातो. आजही ही कल्पना धीट वाटते. मात्र टिमला ताबा मिळायचा तर मुलीला बाळ नको असावं लागतं, आणि पुढच्या तीस वर्षांच्या कादंबऱ्यांचा साचा इथेच पडला.

मॅरिलिन रेनल्ड्स कॅलिफोर्नियातल्या एका वेगळ्या धाटणीच्या हायस्कुलात शिकवत असत. नेहमीच्या शाळेत न टिकलेली मुलं तिथे येत. त्यांच्या ‘टू सून फॉर जेफ’मधला (१९९४) सतरा वर्षांचा जेफ वक्तृत्वात हुशार आहे, टेक्ससमध्ये शिकायला जायची संधी समोर आहे, आणि क्रिस्टीशी असलेलं नातं तो संपवायच्या बेतात आहे. नेमकी तेव्हाच ती गरोदर असल्याचं कळतं. ती बाळ ठेवायचं ठरवते. त्याला ते नको आहे आणि हे तो लपवत नाही. आपलं कुणी ऐकलं नाही, आपल्याला फसवलं, असं त्याला वाटत राहतं. लेखिका त्याला गप्प करत नाही आणि त्याची बाजूही घेत नाही. भाषेच्या दृष्टीने पुस्तक साधं, कधी कधी पाठ्यपुस्तकासारखं आहे, तरी या यादीत त्याची जागा पक्की आहे. बाप व्हायची इच्छा नसणाऱ्या मुलावरही बापाची जबाबदारी येते, हे याच पुस्तकाने सरळ मांडलं.

इंग्लंडमध्ये त्याआधी तीन वर्षं बर्ली डोहर्टींची ‘डिअर नोबडी’ आली आणि बालसाहित्यासाठीचं त्या वर्षाचं कार्नेगी पदक तिला मिळालं. गाव शेफील्ड. हेलन आणि ख्रिस, दोघं शाळेच्या शेवटच्या वर्षात. तिला मँचेस्टरला संगीत शिकायचं आहे, त्याला न्यूकॅसलला इंग्रजी साहित्य. पुस्तकात दोन आवाज आहेत. ख्रिस जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंतचे महिने आठवत सांगतो, आणि मधूनमधून हेलनची पोटातल्या बाळाला लिहिलेली पत्रं येतात. बाळाला अजून नाव नाही म्हणून ती त्याला ‘नोबडी’ म्हणते. ही पत्रं ख्रिसच्या हाती पडतात ती विद्यापीठात जायची तयारी चाललेली असताना. म्हणजे तिच्या मनात काय चाललं होतं हे त्याला सगळं होऊन गेल्यावर कळतं. या दोघांतलं प्रेम खरं आहे, ख्रिस वाईट मुलगा नाही, आणि तरीही हेलन त्याला दूर करते. तिला वाटतं, आपण दोघंही अजून यासाठी तयार नाही. शेवटी न्यूकॅसलला जाणारा जातो आणि संगीत मागे पडतं ते तिचं. डोहर्टी यावर भाष्य करत नाहीत, आणि न बोलताही ही तफावत वाचकाला बोचते.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक प्रसंग आठवल्याशिवाय राहणार नाही. मोहनदास गांधी सोळा वर्षांचे असताना त्यांचं पहिलं मूल जन्मलं आणि तीनचार दिवसांत गेलं. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये वडिलांच्या मृत्यूच्या प्रकरणात त्यांनी ते लिहिलं आहे, आणि वडील गेले त्या रात्रीची शरम आयुष्यभर पुसली गेली नाही असंही सांगितलं आहे. १८८८ साली हरिलालचा जन्म झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, एकोणिसावं वर्षही पुरं व्हायच्या आत, ते मुंबईहून बोटीने लंडनला शिकायला निघाले. बायको आणि काही महिन्यांचं मूल मागे राहिलं. एकत्र कुटुंबात यात कुणाला वावगं वाटलं नाही. लहान वयातला बाप हा आपल्या समाजाने शतकानुशतकं पाहिलेला माणूस आहे. त्याच्याकडून बापाचं काम मात्र कुणी मागितलं नाही, कारण ते घरातल्या बायका करत.

मराठीत किशोरवयाचं प्रेम लिहिलं गेलं आहे आणि उत्तम लिहिलं गेलं आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने (२००४) नववीतल्या मुलाचं मन जसं पकडलं तसं फार थोड्या पुस्तकांनी पकडलं असेल. रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’ने (२०१३) चाळीतल्या मुलांच्या कुतूहलाला पडद्यावर मोकळं केलं. ‘सैराट’च्या (२०१६) उत्तरार्धात हैदराबादच्या झोपडवस्तीतला आर्ची-परश्याचा संसार आहे, तिची बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी आहे, त्याची डोशाची गाडी आहे आणि त्यांचं लहानगं मूल आहे. परश्या बाप म्हणून कसा आहे हे दाखवायला मात्र गोष्टीला उसंत मिळत नाही. सतरा वर्षांच्या बापाची अख्खी कादंबरी मराठीत लिहायची तर लेखकापुढे कायदाही उभा राहतो. पॉक्सो कायद्याने (२०१२) अठराखालची मुलगी बालक ठरते, तिची संमती कायदा मानत नाही, आणि अठराखालचा मुलगा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणून बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो. लग्नाचं वय त्याच्यासाठी एकवीस आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे अल्पवयीन आया आपल्या आसपास आहेत आणि त्यांच्या बाळांचे बापही आहेत. साहित्यात ते आलेले नाहीत.

बाप नेमके किती वयाचे, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकातच दाखवून दिलं होतं की, किशोरवयीन आयांच्या बाळांचे बाप बऱ्याचदा स्वतः विशी ओलांडलेले असतात. कादंबऱ्यांत मात्र जवळजवळ नेहमी दोघं एकाच वर्गातली, एकमेकांवर जीव असलेली, एकाच रात्री चुकलेली. मोठ्या पुरुषाने लहान मुलीला अडकवल्याची गोष्ट इथे सांगितलीच जात नाही. ती वेगळ्या पुस्तकांकडे, अत्याचाराच्या पुस्तकांकडे ढकलली जाते. या प्रकाराची ही मोठी आंधळी बाजू आहे.

एक आकडा मात्र या पुस्तकांच्या वाढीवर प्रकाश टाकतो. अमेरिकेत १९९१ साली १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे ६१.८ बाळं जन्मत होती. २०२० साली हे प्रमाण १५.४ वर आलं. ब्रिटनमध्येही १९९९ साली सरकारने अठराखालच्या गर्भधारणा दहा वर्षांत निम्म्यावर आणायचा कार्यक्रम हाती घेतला होता. आकडा चढा होता तेव्हाच्या कादंबऱ्यांना मुलांना सावध करायचं होतं. बाळ म्हणजे चुकीची शिक्षा. आकडा उतरत गेला तशी भीती ओसरली आणि लेखकांना त्या मुलाकडे माणूस म्हणून बघायला सवड मिळाली, असं म्हणायला जागा आहे. या विषयावरची सर्वांत चांगली पुस्तकं २००० नंतरचीच आहेत.

त्यांत पहिलं नाव अँजेला जॉन्सनच्या ‘द फर्स्ट पार्ट लास्ट’चं (२००३). जेमतेम सव्वाशे-दीडशे पानांचं पुस्तक. पुढच्या वर्षी त्याला किशोरसाहित्यासाठीचा प्रिंट्झ पुरस्कार मिळाला आणि कृष्णवर्णीय लेखकांसाठीचा कोरेटा स्कॉट किंग पुरस्कारही. बॉबी न्यूयॉर्कचा कृष्णवर्णीय मुलगा. सोळाव्या वाढदिवसाला मित्रांबरोबर उनाडायचा बेत करून तो घरी येतो तर दारातल्या पायरीवर निया बसलेली, हातात लाल फुगा. ती त्याला सांगते. पुस्तकातली प्रकरणं ‘आता’ आणि ‘तेव्हा’ अशी आलटूनपालटून येतात. ‘आता’मध्ये फेदर नावाची तान्ही मुलगी बॉबीच्या छातीवर झोपलेली आहे. ‘तेव्हा’मध्ये निया आहे, डॉक्टर आहेत, बाळ दत्तक द्यायची बोलणी आहेत. निया ‘आता’मध्ये का नाही, हे वाचक शेवटापर्यंत विचारत राहतो.

जॉन्सनने जे साधलं ते रात्रीच्या वेळेत आहे. बाळ रडतं, बॉबी उठतो, दूध पाजतो, ढेकर काढतो, लंगोट बदलतो, बाळ झोपतं, तो आडवा होतो आणि ते पुन्हा रडतं. त्याची आई पलीकडच्या खोलीत जागी आहे. ती फोटोग्राफर आहे, प्रेमळही आहे, पण तिने ठरवलं आहे की हात लावायचा नाही. बाळ तुझं आहे, तूच बघ. वाचणाऱ्याला ती कठोर वाटते, आणि मग ध्यानात येतं की बापपणावरच्या कादंबरीत आजीने मदत न करणं हीच मोठी दुर्मीळ गोष्ट आहे. तिने बाळ उचललं असतं तर बॉबीचा मोठा भाऊ झाला असता, बाप झाला नसता. एके दिवशी तो हे सगळं सहन न होऊन फेदरला शेजारच्या कोको फर्नांडिसकडे सोडतो, शाळा बुडवून भिंतीवर रंगफवारा मारत बसतो आणि पोलीस त्याला उचलतात. रात्री वडील येऊन सोडवतात. या प्रसंगात लेखिका आवाज चढवत नाही. मुलगा मुलगाच आहे, त्याला रंगवायचं आहे, आणि त्या तासांत बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे, एवढंच ती दाखवते.

निया बेशुद्धीतून परत येत नाही. गरोदरपणातल्या गुंतागुंतीने तिचा मेंदू गेलेला आहे. दत्तकाचे कागद तयार असताना बॉबी बाळ ठेवायचं ठरवतो आणि शेवटी ओहायोतल्या हेवन नावाच्या गावी जायला निघतो. तिथे तो आधीच पोहोचलेला आहे, कारण जॉन्सनची ‘हेवन’ (१९९८) ही कादंबरी याआधी आली होती आणि त्यात बॉबी-फेदर दुय्यम पात्रं होती. पुस्तक सुंदर आहे, याबद्दल दुमत नसावं. पण निया पुस्तकात बोलते ती एका प्रकरणापुरती. ती शुद्धीवर राहिली असती, बाळ द्यायचं या मताची राहिली असती, तर बॉबीच्या निर्णयाला काय अर्थ उरला असता? लेखिकेने हा वाद होऊच दिला नाही.

हाच दोष मॅलरी ब्लॅकमनच्या ‘बॉइज डोन्ट क्राय’मध्ये (२०१०) जास्त उघडा पडतो. सतरा वर्षांचा दान्ते परीक्षेच्या निकालाचं पाकीट घेऊन येणाऱ्या पोस्टमनची वाट बघतोय. बेल वाजते. दारात जुनी मैत्रीण मेलनी, बाबागाडीत एमा. बाळ तुझं आहे म्हणते, काही आणायला म्हणून बाहेर पडते आणि परत येत नाही. मेलनीवर काय गुदरलं हे पुढे पुसटसं कळतं. तेवढं सोडलं तर पुस्तक धावतं. घरात तिघंही पुरुष आहेत: विधुर वडील, दान्ते आणि धाकटा अ‍ॅडम. अ‍ॅडमला मुलगे आवडतात, आणि त्याचीही कथा शेजारून चालते. दान्ते डीएनए चाचणीचा आधार शोधतो, कारण बाळ आपलं नाही असं निघालं तर सुटका होईल, ही आशा त्याला सोडवत नाही. त्याची ही आशा आणि एमाबद्दलची माया दोन्ही एकाच वेळी वाढत जातात, आणि ब्लॅकमन दोन्हींना जागा देतात. रस्त्यातून बाबागाडी ढकलणाऱ्या कृष्णवर्णीय मुलाकडे लोक कसं बघतात, हेही त्या नेमकं लिहितात. पुढे २०१३ ते २०१५ या काळात ब्लॅकमन ब्रिटनच्या बालसाहित्य-राजदूत होत्या.

बाळ ठेवणं म्हणजेच जबाबदारी, हे गृहीत मोडणारं पुस्तक मार्गारेट बेशार्डचं ‘हँगिंग ऑन टू मॅक्स’ (२००२). सॅम सतराचा. मॅक्सची आई बाळ दत्तक देणार होती. सॅमने ते स्वतःकडे घेतलं. आता तो पाळणाघर असलेल्या एका हायस्कुलात जातो, जिथे बाळं घेऊन येणाऱ्यांत बहुतेक मुलीच आहेत. त्याची आई वारलेली. वडिलांनी बोली केली आहे: शाळेचं हे वर्ष पोसतो, त्यानंतर बांधकामावर कामाला लागायचं. वडील मितभाषी. दोघांच्या बोलण्यातल्या रिकाम्या जागाच पुस्तकाचा निम्मा भाग आहेत. सॅम चांगला बाप आहे. तो मॅक्सला मारत नाही, उपाशी ठेवत नाही, विसरत नाही. आणि शेवटी तो मॅक्सला दत्तक देतो. कुणी भाग पाडत नाही. आपल्याकडून त्याला काय मिळेल आणि काय मिळणार नाही याचा हिशेब तो स्वतः मांडतो. या शेवटावर शाळांतून खूप वाद व्हावेत असं हे पुस्तक आहे. त्याला जॉन्सनच्या पुस्तकाइतकी कीर्ती मिळाली नाही, याचं वाईट वाटतं.

दत्तक दिल्यानंतरच्या बापाचं काय होतं, याकडे जो नोल्स यांनी लक्ष दिलं. ‘जंपिंग ऑफ स्विंग्ज’मध्ये (२००९) चार जण आळीपाळीने बोलतात, एली बाळ दत्तक देते. चार वर्षांनी आलेल्या ‘लिव्हिंग विथ जॅकी चॅन’मध्ये बाळाचा बाप जॉश गाव सोडून कराटे शिकवणाऱ्या काकाकडे राहायला जातो. त्याच्या दुःखाला कुणी दुःख मानत नाही. पुस्तक थोडं लांबलं आहे, पण या विषयावर इतर कुणी लिहिलेलं सहजासहजी आढळत नाही.

आई खोलीतच असलेली दोन पुस्तकं उरतात आणि दोन्हींवर रेंगाळावं असं आहे.

निक हॉर्नबीची ‘स्लॅम’ (२००७) लंडनच्या सॅमची. हाही सॅमच, स्केटबोर्डवर जीव असलेला. टोनी हॉक या खेळाडूचं पोस्टर भिंतीवर आहे आणि सॅम त्याच्याशी बोलतो. पोस्टर उत्तर देतं ते हॉकच्या आत्मचरित्रातलं. सॅमची आई अ‍ॅनी बत्तीस वर्षांची. तिला सॅम झाला तेव्हा ती सोळाची होती. आपल्यामुळे आईचं शिक्षण राहिलं, हे ओझं घेऊन वाढलेला मुलगा स्वतः सोळाव्या वर्षी तेच करून बसतो. अ‍ॅलिशिया गरोदर असल्याची शंका येताच तो हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी पळतो, मोबाइल समुद्रात फेकतो आणि लवकरच घरी परततो. पळण्याचा हा भाग हॉर्नबीने लाजिरवाणाच ठेवला आहे. त्याला साहसाचं रूप दिलेलं नाही.

हॉर्नबीची खरी युक्ती म्हणजे सॅमला मधूनच भविष्यात ढकलणं. एका सकाळी तो जागा होतो तर बाळ जन्मलेलं आहे, रूफ त्याचं नाव, आणि आज त्याला लस टोचायला दवाखान्यात न्यायचं आहे. सॅमला काही म्हणजे काही माहीत नाही. पिशवीत काय घ्यायचं, बाबागाडी कशी उघडायची, दवाखान्यात काय सांगायचं. बाळ कुशीत आणि बाप कोरा. पहिल्यांदाच बाप झालेल्या कुठल्याही वयाच्या माणसाची ही अवस्था असते, पण कादंबरीत ती इतकी थेट फार कमी वेळा आली आहे. अ‍ॅलिशिया इथे सतत आहे. ती चिडते, थकते, त्याच्यावर हसते, त्याला शिकवते. काही दिवस तो तिच्या घरी राहतो. तिचे सुशिक्षित आईबाप मुलीचं वाटोळं झालं म्हणून त्याच्याकडे बघत राहतात. संसार टिकत नाही. बाप असणं टिकतं. बाळाच्या आईचा मित्र न राहताही बाळाचा बाप राहता येतं, हे इथे कसलाही डांगोरा न पिटता घडतं.

अँजी थॉमसची ‘काँक्रीट रोझ’ (२०२१) त्याहून मोठ्या आवाक्याची आहे. ‘द हेट यू गिव्ह’ (२०१७) या गाजलेल्या कादंबरीतल्या स्टारच्या वडिलांची, मॅव्हरिक कार्टरची, ही आधीची गोष्ट. साल १९९८, वस्ती गार्डन हाइट्स. मॅव्हरिक सतराचा, वडील तुरुंगात, आई दोन नोकऱ्या करणारी, आणि तो किंग लॉर्ड्स या टोळीत. आयेशाचं बाळ त्याचा मित्र किंगचं असल्याचं सगळे धरून चालले होते; चाचणीत ते मॅव्हरिकचं निघतं. आयेशा बाळ त्याच्या हवाली करून निघून जाते. इथपर्यंत जुनाच साचा आहे. मग थॉमस तो मोडतात. बाळंतपणानंतर बाईचं मन खचतं, तिला सावरायला वेळ लागतो, हे मॅव्हरिकची आईच त्याला समजावते. आयेशा दुष्ट ठरत नाही. आणि ज्या लिसावर त्याचं प्रेम आहे तिलाही त्याच्यापासून दिवस जातात. लिसा कुठे जात नाही. ती अभ्यासात हुशार आहे, कॉलेजात जायचं हे तिने ठरवलंय, आणि मॅव्हरिकने काय करावं याबद्दल तिला स्पष्ट मत आहे.

या पुस्तकात पैसा दिसतो, आणि या प्रकारच्या कादंबऱ्यांत तो फार थोडा दिसतो. लंगोट, दुधाची पावडर, वीजबिल. नाक्यावर उभं राहून माल विकला की एका दिवसात जे मिळतं, ते मिळवायला वायट यांच्या किराणा दुकानात किती दिवस खोकी उचलावी लागतात, हा हिशेब मॅव्हरिक सतत करतो. वायट त्याला दुकानाबरोबर बागेतही राबवतात, गुलाबाची छाटणी शिकवतात. चुलतभाऊ ड्रेचा खून होतो तेव्हा टोळीच्या रीतीने सूड घेणं हेच पुरुषाचं कर्तव्य असल्याचं त्याला चारही बाजूंनी सांगितलं जातं. घरी बाळ आहे, सूड घेतला तर आपणही बापासारखे तुरुंगात किंवा मातीत. इथे जबाबदारी म्हणजे काहीतरी न करणं आहे आणि ते करण्याइतकंच अवघड आहे. शाळा अर्धवट राहते. थॉमस हे नुकसान लपवत नाहीत. पुस्तकाला २०२२ साली प्रिंट्झचा सन्मान मिळाला.

मॅव्हरिकलाही आधार आहे तो शेवटी त्याच्या आईचाच, हे मात्र विसरून चालत नाही. बॉबीची आई सोडली तर या बहुतेक पुस्तकांत मुलगा शाळेत किंवा कामावर असतो तेव्हा बाळ कुणाकडे असतं, याचं उत्तर एखादी आजी, मावशी, शेजारीण असंच येतं. एलिझाबेथ अ‍ॅसेवेडोच्या ‘विथ द फायर ऑन हाय’मध्ये (२०१९) एमोनी ही शाळकरी आई आहे आणि सगळा डोलारा तिच्या आजीच्या खांद्यावर आहे, बाळाचा बाप टायरोन ठरल्या दिवशी बाळाला नेतो, आणतो. मुलगा आठवड्याला दोन दिवस बाळ सांभाळतो म्हणून चारचौघांत त्याचं कौतुक होतं. मुलीने सात दिवस सांभाळलं तर तिच्या चुकीची फेड म्हणून बघितलं जातं. टायरोनकडे एमोनीच्या नजरेतून बघायला मिळतं म्हणून मुलांच्या तोंडून सांगितलेल्या कादंबऱ्यांच्या शेजारी हे पुस्तक ठेवायला हवं.

मॅव्हरिक बाळाचं नाव बदलून सेवन ठेवतो. ‘काँक्रीट रोझ’ संपवून वाचकाने ‘द हेट यू गिव्ह’ पुन्हा हातात घेतली तर तोच सेवन तिथे सतरा वर्षांचा, शाळा संपवत आलेला भेटतो. मॅव्हरिकच्या नावावर आता दुकान आहे, लिसा नर्स आहे. सोळा-सतराच्या बापाचं मूल मोठं झाल्यावर कसं होतं, हे दाखवणारी जोडपुस्तकं या प्रकारात जवळजवळ नाहीतच. सेवन शिकायला दूर जाऊ शकतो, तसे गुण त्याला आहेत, पण आयेशा आता किंगबरोबर राहते, किंग हात उगारतो, आणि तिथे सेवनच्या दोन सावत्र बहिणी आहेत. त्यांना सोडून कसं जायचं म्हणून तो गावातच राहायचं म्हणतो. घरातली मोठी माणसं त्याला सांगत राहतात की त्या मुली तुझी जबाबदारी नाहीत, तू जा. तो काही केल्या ऐकत नाही.